गृहाविना गृहस्थ

‘गृहस्थ’ या शब्दाचा विग्रह सरळ आहे: गृहांत राहतो तो गृहस्थ. परंतु मुंबईसारख्या नगरींत लक्षावधि कष्टाळू माणसांस संसार आहे, उद्योग आहे. गृह म्हणण्याजोगी जागा मात्र नाहीं. २०११ च्या जनगणनेंत या शहराचे शेंकडा सुमारें ४१ रहिवासी झोपडपट्टींत राहत असल्याचें आढळलें.

हें संकट एका दिवसांत ओढवलेलें नव्हे. १९२० नंतर सरकारनें वरळी, नायगांव इत्यादि ठिकाणीं बी. डी. डी. चाळी बांधिल्या. खोली अवघी १६० चौरस फुटांची. तथापि ती भाड्याची होती, व कामाची जागा तेथून दूर नव्हती. पुढें १९४७ च्या कायद्यानें भाडीं १९४० च्या पातळीवर बांधून ठेविलीं. हेतु दयेचा होता, व अनेक कुटुंबांस त्याचा आधारही झाला. परंतु भाडें गोठलें तरी चुना, लाकूड व मजुरी यांचे दर गोठले नाहींत. मालकांनीं डागडुजी टाळिली, भाड्याच्या नव्या चाळी बांधणें सोडिलें, आणि पागडीवांचून खोली मिळेनाशी झाली. ज्याच्या हातीं खोली होती तो तरला. मागाहून आलेला दाराबाहेर राहिला.

१९९५ च्या झोपडपट्टी पुनर्वसन योजनेंतही हाच भेद दिसतो. ठरलेल्या तारखेपूर्वींच्या वास्तव्याचा पुरावा असेल त्यास हक्काचें घर. नसेल त्यानें काय करावें? त्याला घर विकत घेण्याचें सामर्थ्य नाहीं. त्याला परवडेल अशी भाड्याची खोली हवी. ती सरकारनें व नगरपालिकेनें बांधावी, आणि दुरुस्तीपुरतें भाडें बेतानें वाढवीत जावें, असें आमचें स्पष्ट मत आहे.

आमच्या वाचकांचाही येथें कांहीं भाग आहे. पुष्कळांचे वाडवडील गिरगांव-दादरच्या चाळींत भाड्यानेंच राहून शिकले-सवरले. आज त्यांच्याच वंशजांचीं कित्येक जादा घरें ‘भाडेकरू घर बळकावील’ या धास्तीनें कुलुपांत पडून आहेत. १९९९ च्या कायद्यानें मुदतीच्या लेखी परवाना-कराराची सोय केली असून, मुदत संपतांच घर परत मिळविण्याचा मार्ग मालकास दिला आहे. तेव्हां भीतीचें कारण पुष्कळच उणें झालें आहे. आपल्या घरीं पहांटे भांडीं घांसावयास येणारी बाई रात्रीं कोठें निजते, हें एकदां तिला विचारावें. अतिथीस विन्मुख न धाडण्याचा आपला कुलधर्म उंबरठ्यापाशींच संपत नाहीं.