दोन नोकऱ्यांच्या मध्ये अडकलेला तरुण

'उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी' हा पूर्वजांचा क्रम वऱ्हाडाने केव्हाच उलटा केला. कापूस आणि सोयाबीन बेभरवशाचे ठरत गेले, तशी नोकरी उत्तम ठरली. आणि नोकरीतही सरकारी तेवढीच खरी, असे घरोघरी मानले जाऊ लागले. आज या रांगेत केवळ बेकार तरुण उभे नाहीत. नांदगाव पेठेच्या औद्योगिक वसाहतीत, अकोल्याच्या दालमिलमध्ये, खासगी पतसंस्थेत वा विनाअनुदानित शाळेत राबणारा तरुणही रात्री अभ्यासिकेत बसून तलाठी, लिपिक किंवा पोलीस शिपाई होण्याची धडपड करीत आहे.

ही धडपड आळसातून आलेली नाही. नियुक्तिपत्र नाही, भविष्य निर्वाह निधीचा पत्ता नाही आणि मालकाच्या मर्जीवर उद्याची भाकर, अशी स्थिती अनेक ठिकाणी आहे. उलट तलाठ्याचे मूळ वेतनच २५,५०० रुपयांपासून सुरू होते. त्यामुळे २०२३ मध्ये तलाठ्यांच्या ४,६४४ जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले, याचे आश्चर्य वाटू नये. एका जागेमागे दोनशेहून अधिक उमेदवार!

या स्पर्धेत कामावर असलेल्या तरुणाची वाट अधिक अवघड आहे. खासगी क्षेत्रातील पाच-सात वर्षांच्या अनुभवाला लेखी गुणवत्ता यादीत स्थान नाही. खुल्या प्रवर्गासाठी ३८ आणि मागासवर्गीयांसाठी ४३ ही वयोमर्यादा जवळ येत असते. तलाठी परीक्षेचे शुल्क खुल्या प्रवर्गासाठी एक हजार रुपये होते. वेगवेगळ्या खात्यांचे अर्ज भरायचे, तर प्रत्येक वेळी खिशाला नवी कात्री. परीक्षेच्या दिवसाची रजा ही बहुधा बिनपगारीच.

अशा वेळी परीक्षाच रद्द झाली तर? फेब्रुवारी २०२४ मध्ये मृद व जलसंधारण विभागाच्या ६७० पदांच्या परीक्षेत अमरावतीच्या एका केंद्रावरील गैरप्रकार उघडकीस आला. परीक्षा रद्द झाली आणि उमेदवारांना जुलैमध्ये पुन्हा बसावे लागले. रद्द करणे योग्यच होते. परंतु त्याची किंमत कोणी मोजली? पुन्हा रजा मागणाऱ्या, पुन्हा रोजगार बुडविणाऱ्या प्रामाणिक उमेदवाराने! त्याच वर्षी राज्याने परीक्षांतील गैरमार्ग रोखणारा कायदा केला, हे स्वागतार्ह आहे. मात्र कायदा गुन्ह्यानंतर धावतो. व्यवस्था गुन्ह्याआधी उभी असावी लागते. प्रत्येक जिल्ह्यात शासनाचे स्वतःचे परीक्षा केंद्र, समान अर्हतेच्या पदांसाठी एकच परीक्षा व एकच शुल्क आणि पाळले जाणारे वार्षिक वेळापत्रक, एवढे तरी शासनाने दिलेच पाहिजे.

कर्तव्य शासनाचेच आहे असे नाही. हाती असलेली नोकरी सोडून वर्षानुवर्षे केवळ अभ्यास करीत राहण्याआधी कुटुंबाने एकत्र बसून कालमर्यादा ठरवावी. अंतिम निवड होऊन नियुक्तीचा आदेश हाती येईपर्यंत राजीनामा देऊ नये. टंकलेखन, संगणक, हिशेब ही कौशल्ये दोन्ही क्षेत्रांत उपयोगी पडतात. ती आधी मिळवावीत. आणि मुलीसाठी स्थळ पाहताना 'सरकारी आहे का?' हा पहिला प्रश्न विचारणाऱ्या आपण सर्वांनी या रांगेला किती लांबी दिली, याचाही विचार व्हावा. जे उद्योजक आपल्या कामगाराला वेळेवर वेतन व हक्काची रजा देतात, ते ही रांग कमी करण्याचे मोठेच काम करीत असतात.

डॉ. पंजाबराव देशमुखांनी १९३२ साली अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था उभारली, ती शेतकऱ्याच्या मुलाने ताठ मानेने उभे राहावे म्हणून. ही ताठ मान केवळ शासकीय ओळखपत्रानेच मिळत असेल, तर दोष त्या तरुणाचा नाही. प्रामाणिक श्रमाला प्रतिष्ठा न देणाऱ्या समाजाचा आहे.