ट्रॅक्टरचे सुकाणू : बदल करण्यापूर्वी

खानदेशातील शेतीत ट्रॅक्टर ही आता नवलाईची वस्तू राहिलेली नाही. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात आणि शिरपूर-शिंदखेड्याच्या कपाशीच्या रानात तो बैलजोडीच्या बरोबरीने, पुष्कळ ठिकाणी तिच्या जागी, राबत आहे. जुन्या ट्रॅक्टरचे यांत्रिक स्टिअरिंग काढून तेलाच्या दाबावर चालणारे पॉवर स्टिअरिंग बसवावे, असा अनेक मालकांचा मानस असतो. त्यास निव्वळ हौस म्हणता येणार नाही. काळ्या जमिनीत दिवसभर मशागत करून प्रत्येक बांधाशी वळण घेणाऱ्या चालकाचे खांदे भरून येतात, हे खरेच आहे. तथापि पुष्कळदा दोष असतो एकीकडे आणि खर्च होतो दुसरीकडे.

स्टिअरिंग जड का झाले, याचा शोध प्रथम घ्यावयास हवा. पुढील टायरांत हवा कमी असणे, किंगपिन ग्रीसवाचून कोरडी पडणे, ॲक्सल वाकणे, यांपैकी एखादे कारण बहुधा सापडते. ट्रॅक्टर रस्त्यावर भटकत असेल तर टाय रॉडचे बॉल, चाकांचे बेअरिंग व स्टिअरिंग बॉक्समधील दाते तपासावेत. टायरच्या कडा एका बाजूने झिजत असतील तर टो-इन बिघडले असे समजावे. चाकाच्या मध्याच्या उंचीवर दोन्ही चाकांमधील अंतर पुढून व मागून मोजावे. पुढील अंतर किंचित कमी असावे लागते. ते किती, हे त्या त्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत दिलेले असते. ही पुस्तिका बहुतेक घरांत कपाटाच्या तळाशी पडलेली असते, हा भाग वेगळा.

झिजलेल्या सांध्यांवर पॉवर स्टिअरिंग चढविणे हे विशेष धोक्याचे होय. यांत्रिक स्टिअरिंगमध्ये सांध्याची ढिलाई चालकाच्या हाताला जाणवते. तेलाच्या दाबाने ती जाणीव बोथट होते, आणि सिलिंडरचा जोर मात्र त्याच दुबळ्या सांध्यावर पडतो. केळीने भरलेली ट्रॉली मागे असताना बॉल खोबणीतून निसटला, तर दोन चाके दोन दिशांना जातात. तुटलेला टाय रॉड वा स्टिअरिंग आर्म वेल्डिंग करून पुन्हा बसविण्याची प्रथाही सोडून द्यावी. वेल्डिंगच्या उष्णतेने पोलादाचा कस जातो. असा भाग नवाच घ्यावा.

आणखी एक गोष्ट. पूर्णतः तेलावर चालणाऱ्या स्टिअरिंगमध्ये चक्र व चाके यांच्या दरम्यान लोखंडी दुवा नसतो. इंजिन बंद पडले की चक्र अतिशय जड होते, आणि नळी फुटली तर ट्रॅक्टर वळतच नाही. डिझेल वाचविण्यासाठी सातपुड्याच्या उतारावर इंजिन बंद करून ट्रॅक्टर सोडण्याची खोड कोणत्याही ट्रॅक्टरवर वाईट, परंतु अशा ट्रॅक्टरवर ती जिवावर बेतेल. दुचाकी ट्रॉलीचा भार पुढच्या बाजूस अधिक भरला असता हूक दबून ट्रॅक्टरचे तोंड उचलते. अशा वेळी चाकांना जमिनीची पकडच राहत नाही, मग स्टिअरिंग कोणतेही असो.

मध्य प्रदेशातील बुदनी येथे १९५५ साली स्थापन झालेल्या केंद्रीय संस्थेत ट्रॅक्टरांची चाचणी होते. पण ती कारखान्यातून आलेल्या ट्रॅक्टरची. गावच्या गॅरेजमध्ये केलेल्या जोडणीस ते प्रमाणपत्र लागू पडत नाही. म्हणून बदल करणे असेल तर त्याच कंपनीने त्याच मॉडेलसाठी दिलेला पूर्ण संच, पंप व सिलिंडरसह, घ्यावा. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ ने वाहनातील फेरबदलांवर बंधने घातली आहेत, तेव्हा धुळे वा जळगाव येथील परिवहन कार्यालयात आधी चौकशी करावी. भाड्याने दिवसभर ट्रॅक्टर चालविणाऱ्यास हा खर्च परवडेल. स्वतःच्या पाच-सहा एकरांपुरता तो वापरणाऱ्याने नवे बॉल, नवे बुश आणि नियमित ग्रीस एवढ्यावरच भागवावे, हे बरे.

कपाशीची वाहतूक सुरू होण्यापूर्वी, दसऱ्याच्या सुमारास, गावोगावच्या कृषी कर्मचाऱ्यांनी ही तपासणी प्रत्यक्ष करून दाखवावी. इंजिन बंद करून मागील चाकांना ओट लावावी व पुढचा ॲक्सल जॅकवर उचलावा. एकाने चाक हलवावे, दुसऱ्याने सांध्यावर बोट ठेवावे. ढिलाई असल्यास ती बोटाला तत्काळ कळते.