स्वभावाचं पथ्य

दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरून जुन्या डायऱ्यांचा गठ्ठा खाली आला. मी शाळेत होते तेव्हा दरवर्षी कुणी ना कुणी पालक बँकेची नाहीतर औषध कंपनीची डायरी आणून द्यायचे, त्या. रद्दीत टाकण्याआधी सहज चाळल्या. १९८४ च्या डायरीत १ जानेवारीच्या पानावर लिहिलं होतं, ‘या वर्षी कुणालाही टोचून बोलायचं नाही.’ १९८६ ला तेच. १९९१ लाही तेच, फक्त ‘निश्चयाने’ हा शब्द वाढलेला आणि खाली दोन रेघा. बारा-तेरा जानेवारीनंतर बहुतेक डायऱ्या कोऱ्या. मागच्या पानांवर दुधाचा हिशेब.

आमचे हे शिडी धरून उभे होते. त्यांनी दोन-तीन डायऱ्या उघडून पाहिल्या आणि म्हणाले, ‘‘संकल्प एकच आहे, पण अक्षर मात्र सुधारत गेलंय.’’

हसायचा हक्क त्यांना आहे. माझे सर्वांत जास्त टोमणे त्यांनीच ऐकले आहेत.

मी छत्तीस वर्षं गणित शिकवलं. गणिताच्या बाई म्हणजे तिखट जिभेच्याच, असा लोकांचा समज असतो आणि मी त्या समजाचा भरपूर फायदा घेतला. ही जीभ मला आईकडून आली. आमच्या घरात तिचं कौतुकच होतं. ‘बोलायला फटकळ आहे, पण मनात काही नसतं हो,’ असं आल्यागेल्याला अभिमानाने सांगितलं जायचं. माझ्या मनात काही नसायचं, हे खरं. ते समोरच्याच्या मनात जाऊन बसायचं.

१९९५ च्या जूनमध्ये माझ्या मुलीचा दहावीचा निकाल लागला. एकूण टक्के चांगले होते. गणितात १५० पैकी ९८. पेढे घ्यायला शेजारपाजारची माणसं आली होती आणि त्यांच्या देखत मी म्हणाले, ‘‘दिव्याखाली अंधार, दुसरं काय!’’ सगळे हसले. मीही हसले, आणि संध्याकाळपर्यंत विसरूनसुद्धा गेले. ती विसरली नाही. पण हे मला कळायला पंचवीसहून अधिक वर्षं जावी लागली.

आता तिचा मुलगा नववीत आहे. मागच्या वर्षी त्याला गणिताच्या चाचणीत २० पैकी ११ मिळाले. मी फोनवर म्हटलं, त्याला दे जरा. पलीकडे क्षणभर शांतता. मग ती म्हणाली, ‘‘देते. पण आई, आधी मला सांग, तू त्याला काय बोलणार आहेस?’’

मला आधी रागच आला. नातवाशी बोलायला आता परवानगी काढायची का? तोंडावर आलेलं उत्तर मी कसंबसं गिळलं आणि मग लक्षात आलं, की मला तिच्या प्रश्नाचं उत्तरच देता येत नाहीये. काय बोलणार होते मी? तेच, दिव्याचं आणि अंधाराचं, नव्या शब्दांत.

स्वभावाला औषध नाही, असं आपण म्हणतो. बहुतेक वेळा हे आपण दुसऱ्याबद्दल वैतागून म्हणतो आणि स्वतःबद्दल सुटका झाल्यासारखं. हल्ली त्याचीच नवी आवृत्ती निघाली आहे : मी आहे ही अशी आहे, स्वतःला स्वीकारायला शिका. स्वीकारा की, माझी ना नाही. पण माझी जीभ मला कधीच बोचली नाही, ती बोचली घरच्यांना. मग ती स्वीकारण्याचा अधिकार मी एकटीने कसा घ्यायचा? दुसऱ्या टोकाला ती एकवीस दिवसांत माणूस बदलून देणारी पुस्तकं आहेत. एकवीस दिवस कशाला, माझ्या डायऱ्या तर बाराव्या दिवशीच संपल्या होत्या!

औषध नाही हे मला आता मान्य आहे. पण औषध नसलं म्हणजे काहीच करायचं नाही, हे मला मान्य नाही. आणि हे मला शिकवलं ते यांच्या मधुमेहाने.

रक्त तपासायचं असलं की हे आधीचे दोन दिवस भात सोडत, सकाळ-संध्याकाळ फिरायला जात. उपाशीपोटीची साखर छान येई. मग डॉक्टरांनी एचबीए१सी नावाची तपासणी करायला लावली. रक्तातली साखर तांबड्या पेशींमधल्या हिमोग्लोबिनला चिकटून बसते, आणि त्या पेशी साधारण १२० दिवस जगतात. त्यामुळे या एका आकड्यात मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी उतरते. तिथे दोन दिवसांचं सोंग चालत नाही. पण एखाद्या लग्नात खाल्लेली जिलबीही सगळ्या पथ्यावर पाणी फिरवत नाही. यांचा आकडा ८.४ वरून ७.१ वर आला तेव्हा डॉक्टर ‘बरे झालात’ म्हणाले नाहीत. म्हणाले, ‘‘आटोक्यात आहे. चालू ठेवा.’’

जन्मभर मुलांना सरासरी शिकवली, पण स्वतःला मात्र मी रोज शंभरपैकी शंभर नाहीतर शून्य, असंच मोजत आले. बारा जानेवारीला एक टोमणा निसटला, की गेलं वर्ष. पुढची पानं कोरी.

वाचनालयात बेंजामिन फ्रँकलिनचं आत्मचरित्र हाती लागलं तेव्हा या बाबतीत मला सोबत मिळाल्यासारखं वाटलं. या गृहस्थाने तेरा सद्गुणांची यादी केली होती. एका आठवड्याला एक गुण, म्हणजे वर्षात बरोबर चार फेऱ्या. तेरा चोक बावन्न, हा हिशेब मला फारच आवडला. चूक झाली की वहीत काळा ठिपका. नवी फेरी सुरू करताना जुने ठिपके खरवडून काढायचे. ते खरवडून खरवडून वहीच्या कागदाला भोकं पडली, तेव्हा त्याने हस्तिदंती पानांची वही घेतली, ओल्या स्पंजने पुसता येईल अशी. व्यवस्थितपणा त्याला कधीच नीट जमला नाही, हे त्याने स्वतःच लिहून ठेवलं आहे. पण हा खटाटोप केल्यामुळे आपण आधीपेक्षा बरे झालो, असंही त्याचं म्हणणं आहे. माझ्या डायऱ्यांच्या कागदाला मात्र एकही भोक नाही. माझी खरी चूक ती होती.

त्या दिवशी मी मुलीला खरं तेच सांगितलं, ‘‘काय बोलू, मला कळत नाहीये.’’ तिने फोन दिला. मी नातवाला विचारलं, कुठलं गणित अडलं? एकसामयिक समीकरणं, म्हणाला. मग दहा मिनिटं आम्ही खरोखर गणितावर बोललो. आणि फोन ठेवता ठेवता माझ्या तोंडून गेलंच, ‘‘चला, निदान नापास तरी नाही झालास!’’

फोन ठेवला आणि पोटात कालवलं. पूर्वीची मी म्हणाले असते, एवढं काय त्यात. मी पाणी प्यायले, पुन्हा फोन लावला आणि त्याला म्हटलं, शेवटचं वाक्य चुकलं माझं, खोडून टाक. तो म्हणाला, ‘‘कुठलं वाक्य?’’ त्याच्या आईला मात्र कळलं होतं. तिने फोन घेतला, पण काही बोलली नाही. मीच म्हणाले, ‘‘तुझ्या दहावीच्या वेळचंही चुकलं होतं.’’ बऱ्याच वेळाने ती म्हणाली, ‘‘हं.’’

त्या ‘हं’चा अर्थ काय, ते मी अजून विचारलेलं नाही. टोमणे अजूनही निसटतात. यांच्या मते महिन्याकाठी चार-पाच, माझ्या हिशेबाने तीन. परत फिरायला मात्र आता अर्धा तास पुरतो, क्वचित एक रात्र लागते.

मुलगी अजूनही फोन देण्याआधी विचारते, ‘‘काय बोलणार आहेस?’’ मी सांगते. परवा मात्र तिने न विचारताच फोन त्याच्या हातात दिला. मागे कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या, बहुतेक घाईत असेल.