लहान घराची ओसरी

मराठीच्या मास्तराने संगणकाच्या पोटात कशाला डोकवावे, असे आमच्या घरी अधूनमधून विचारले जाते. माझे उत्तर ठरलेले: जेथे पत्र आहे, तेथे मास्तराला जाण्याचा हक्क आहे! आणि ‘टॉर’ हा तर निव्वळ पत्रांचाच प्रकार. अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत १९९०च्या दशकात ही कल्पना निघाली. २००२ पासून तिचे जाळे चालू आहे.

पाकिटात पाकीट, त्यात आणखी पाकीट, असा बंद केलेला संदेश तीन अनोळखी संगणकांच्या हातून जातो. प्रत्येकजण आपल्यापुरते पाकीट फोडतो नि उरलेले पुढे देतो. पहिल्याला पाठवणारा ठाऊक, पण मुक्काम नाही; शेवटच्याला मुक्काम ठाऊक, पण पाठवणारा नाही. एखादा बातमीदार, छळातून सुटू पाहणारी एखादी बाई, यांची सुरक्षितता या अज्ञानावर उभी आहे.

हे हरकारे बहुधा स्वयंसेवक. कित्येकांजवळ भाड्याचा, थोड्या स्मृतीचा संगणक. आता प्रत्येक जोडणीसाठी आला-गेला माल क्षणभर टेकवायला ओसरी लागते. तिलाच ‘बफर’ म्हणतात. जोडण्या ५,००० आणि प्रत्येकीला ६४ किलोबाइटच्या दोन ओसऱ्या धरल्या, तर सुमारे ६५० मेगाबाइट तेथेच संपले! मग यंत्र ‘बफरला जागा नाही’ म्हणून नवी जोडणी नाकारते.

त्यावर टॉरमध्ये ‘कन्स्ट्रेंड सॉकेट्स’ नावाची एक तोड आहे. ती चालू केली की, प्रत्येक ओसरी आखडण्याची विनंती यंत्रणेला केली जाते. ठरावीक माप ८,१९२ बाइट. वरचाच हिशेब ८२ मेगाबाइटांवर येतो. कुणाही गृहिणीने शाबासकी द्यावी अशी काटकसर!

पण काटकसरीलाही किंमत पडते. पोच येईपर्यंत ओसरीत मावेल तेवढाच माल वाटेला लावता येतो. एका फेरीला २०० मिलिसेकंद लागले, तर सेकंदाला पाच फेऱ्या. म्हणजे जेमतेम ४० किलोबाइट. आणि त्या एकाच जोडणीवरून कित्येकांची पत्रे जायची असतात! वाट लांब, तितकी गती मंद. म्हणून जाणते सांगतात, आधी यंत्रणेचीच बफरांची एकूण मर्यादा वाढवून घ्या. ते जमत नसेल आणि जोडण्या नाकारल्या जात असतील, तरच हा उपाय करा.

मला हा सल्ला फार घरगुती वाटतो. ओसरी लहान म्हणून दार लावून घेऊ नये. आणि घरात जागा असताना पाहुण्याला उगीच उंबऱ्यावर ताटकळतही ठेवू नये.