दंडावरची वर्गणी

दंडावर नाण्याएवढी चकती चिकटवली आणि पुढचे १४ दिवस माझी साखर मोबाईलवर उमटू लागली. पुरणपोळीनंतरची चढण पाहून सौ.ने ताटच उचलले! एका रात्री साखर घसरल्याची घंटा वाजली. बोट टोचून पाहिले, तर सारे ठीक. कुशीखाली चकती दबली होती. ती रक्तातली नव्हे, त्वचेखालच्या द्रवातली साखर मोजते, हे विकणाऱ्याने सांगितले नव्हते. वर्गणी आपोआप पुढे चालते, हेही नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२१पासून लागू नियमानुसार पैसे कापण्याआधी २४ तास सूचना यावी लागते. आली होती. जन्मभर खातेदारांना ‘कागद वाचा’ म्हणत आलेल्या मीच ती वाचली नाही! चकती कामाची आहे, वाद नाही. पण वर्गणी सुरू करायला एक बटण पुरते, तर थांबवायलाही तेवढेच पुरायला हवे. मला तीन फोन लागले. तिसऱ्या वेळी पलीकडची मुलगी म्हणाली, ‘‘काका, पण मधुमेह चालूच आहे ना?’’