कोणाच्या खोलीचं तापमान?

रेड वाइन म्हणे खोलीच्या तापमानाला प्यावी. कोणाच्या खोलीच्या, साहेब? हा नियम युरोपातल्या जुन्या दगडी घरांचा. तिथली खोली म्हणजे १६ ते १८ अंश. आमच्या यवतमाळात मे महिन्यात पारा ४४ वर चढतो. त्या खोलीतली वाइन ही वाइन नव्हे, काढा! दुसऱ्याचं पासबुक दाखवून आपल्या खात्यातून पैसे निघत नाहीत, एवढं बँकेतल्या कारकुनालाही कळतं. जाणकारांना कळत नाही.

दुसरा हुकूम: सोबत चीज हवं, तिखट नको. काहून बाप्पा? तिखटाशी भांडतो तो जड वाइनचा तुरटपणा आणि तिच्यातलं अल्कोहोल. थंड मुलखातली द्राक्षं सावकाश पिकतात, आंबटपणा राखून असतात. बर्गंडीची पिनो न्वार घ्या. अंगानं हलकी, तुरटपणा बेताचा. ती तासभर फ्रिजात ठेवा आणि वांग्याच्या भरतासोबत घोटघोट घ्या. भरताचा धुरकट वास, वाइनचा आंबटपणा; जमा-नावे चोख जुळतात!

ज्याला प्यायची नाही त्यानं खुशाल पिऊ नये; त्याचं अर्धं भरत आम्ही संपवू. पण पाहुण्यांसमोर ठेच्याची वाटी लपवून, चीजचा तुकडा चघळत "वा, वा" करणारे पाहिले की डोकं तापतं. पैसे आपल्या पगारातले, घसा आपला, आणि जीभ तेवढी उसनी? असलं कर्ज कोणतीही बँक मंजूर करणार नाही.