लेखन-केंद्र : दुरुस्तीचे दुकान नव्हे

बंद पडलेले वा नावापुरते उरलेले लेखन-केंद्र पुन्हा सुरू करण्याचे काम विद्यापीठात एखाद्या नवनियुक्त अध्यापकाकडे येते, तेव्हा पहिल्याच दिवशी त्याच्यापुढे परस्परांत गुंतलेल्या दोन अपेक्षा उभ्या राहतात. प्रशासनास आकडे हवे असतात, तर सहकाऱ्यांना चुका काढून टाकलेले, वाचण्याजोगे निबंध. विद्यार्थ्याला काय हवे, हे बहुधा कोणी विचारीत नाही.

अमेरिकेत ही संस्था जुनी आहे. आयोवा विद्यापीठातील केंद्राचा आरंभ १९३४ मधला. परंतु अशा कामाची खरी कसोटी लागली ती न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीत. १९७० मध्ये तिने शहरातील शालान्त शिक्षण पुरे केलेल्या प्रत्येकास आपले दार उघडले. कष्टकऱ्यांच्या, कृष्णवर्णीयांच्या, प्वेर्तो रिकोहून आलेल्यांच्या घरांतली, महाविद्यालयाची पायरी प्रथमच चढणारी मुले वर्गांत आली आणि त्यांचे लेखन पाहून अनेक प्राध्यापक हतबुद्ध झाले. सिटी कॉलेजातील प्रा. शॉनेसी यांनी मात्र प्रवेशाच्या वेळी लिहून घेतलेले सुमारे ४,००० निबंध बारकाईने वाचले. त्यातून १९७७ मध्ये सिद्ध झालेल्या ‘एरर्स अँड एक्स्पेक्टेशन्स’ या ग्रंथात त्यांनी दाखविले की, या चुका आळसाच्या नव्हेत की मंदबुद्धीच्याही नव्हेत. त्यांना त्यांचा तर्क आहे. लिहिणाऱ्याने स्वतःपुरता एक नियम बांधलेला असतो आणि तो इमानेइतबारे पाळताना त्याच्या हातून चूक होते. तो नियम शोधून काढल्यावाचून लाल शाई व्यर्थ. दुर्दैव असे की, ग्रंथ बाहेर येण्यापूर्वीच शहराच्या आर्थिक अरिष्टात, १९७६ मध्ये, तेथील मोफत शिक्षण संपुष्टात आले होते.

पुढे १९८४ मध्ये स्टीफन नॉर्थ यांनी एका गाजलेल्या लेखात सहकारी प्राध्यापकांनाच खडसावले : लेखन-केंद्र हे दुरुस्तीचे दुकान नव्हे, हातातला निबंध नव्हे, तर लिहिणारा सुधारावयाचा आहे. हे तत्त्व उदात्त खरे, परंतु ताळेबंदात ते बसत नाही. वर्षभरात किती विद्यार्थी आले, हे मोजता येते. किती जण पुन्हा येण्याची गरज न पडता स्वतः लिहू लागले, याचा रकाना कोणत्याही अहवालात नसतो. (आपलेच गिऱ्हाईक शहाणे करून परत पाठविणारा असा व्यवसाय बाजारात टिकणे कठीणच!)

भारतात अशी केंद्रे मुख्यतः काही खासगी विद्यापीठांत दिसतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये वाङ्मयचौर्याविरुद्ध नियम केले. दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य क्षम्य, त्यापुढे दंडाची चढती श्रेणी. साम्य मोजण्याची सोय झाली, पण लिहावे कसे हे शिकविण्याची सोय त्या तोडीने झाली नाही. मराठी माध्यमातून आलेला वाणिज्य शाखेचा विद्यार्थी इंग्रजीत प्रकल्प लिहावयास बसतो आणि झेरॉक्सच्या दुकानातील तयार वहीचा आधार घेतो. आता दुकानापर्यंत जाण्याचेही कारण उरलेले नाही. २०२२ च्या अखेरीपासून यंत्रच मागाल तो परिच्छेद लिहून देते. मग लेखन-केंद्राची गरज काय, असा प्रश्न काटकसरीच्या बैठकीत निघणारच. वस्तुतः तयार वाक्य फुकट मिळू लागले की विचार मांडण्याचे मोल वाढते; ‘तुला म्हणायचे काय आहे?’ असे समोर बसून विचारणारा माणूस तेव्हाच अधिक लागतो. हा प्रश्न मराठीत विचारला जावा आणि त्याचे पहिले उत्तर मराठीत येऊ द्यावे. इंग्रजी मसुदा त्यानंतर.

नव्या अधिकाऱ्याने म्हणून आरंभी तीन गोष्टी पदरात पाडून घ्याव्यात. केंद्रात झालेले बोलणे विषयशिक्षकाच्या कानावर जाणार नाही, याची लेखी हमी असावी. नाहीतर लाजरा विद्यार्थी दारातूनच परतेल. नोकरी करून शिकणाऱ्यांसाठी केंद्र सायंकाळी उघडे असावे. आणि वरच्या वर्गांतील जे विद्यार्थी तेथे मदतीस बसतील, त्यांच्या मानधनाची तरतूद तात्पुरत्या अनुदानातून नव्हे, विद्यापीठाच्या नियमित अंदाजपत्रकातच व्हावी.